अमेरिकन सीपीए लायसन्स : कामाचा अनुभव प्रमाणित करून घेताना

सीपीए, म्हणजे सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट, या परीक्षेचे चारही पेपर सुटले, कॉलेजच्या क्रेडिट तासांचा हिशेब जुळला, तरी लायसन्स हातात नाही, अशी माणसं बरीच भेटतात. गाडी अडलेली असते एका फॉर्मवर. काम दोन-दोन, तीन-तीन वर्षं केलेलं असतं. पण ते केलं हे लायसन्स देणाऱ्या राज्य बोर्डाला सांगायचा अधिकार असलेल्या माणसाची सही नसते. अमेरिकेतली राज्यं अनुभव मोजतात ते लायसन्सधारक सीपीएच्या शब्दावर. त्यामुळे ‘काम काय केलं’ याच्याही आधी ‘सही कोण करणार’ हे विचारावं लागतं. नोकरी धरताना विचारलं तर एका ईमेलचं काम. दोन वर्षांनी विचारलं तर कधी कधी ती दोन वर्षंच हिशेबातून जातात.

आधी बोर्ड ठरवा

परीक्षा एआयसीपीए ही अमेरिकेतल्या सीपीएंची संस्था तयार करते. गुणांची आणि उमेदवारांची मध्यवर्ती नोंद नॅस्बा, म्हणजे राज्य बोर्डांची संघटना, ठेवते. लायसन्स मात्र या दोघींपैकी कोणीच देत नाही. ते देतात स्टेट बोर्ड : पन्नास राज्यं, वॉशिंग्टन डीसी आणि ग्वाम, पोर्तो रिकोसारखे प्रदेश धरून एकूण 55. परीक्षा एका राज्यातून देऊन गुण दुसऱ्या राज्याकडे पाठवता येतात आणि लायसन्स तिथून घेता येतं. म्हणजे परीक्षेसाठी निवडलेलं राज्य अनुभवासाठीही धरून बसायची सक्ती नाही. तुमची नोकरी आणि तुमचा सही करणारा माणूस ज्या बोर्डाच्या नियमात बसतो, ते बोर्ड शोधायचं.

राज्यं ज्यावरून आपापले कायदे बेततात त्या नमुना कायद्यात, म्हणजे युनिफॉर्म अकाउंटन्सी ॲक्ट आणि त्याच्या नियमांत, एक वर्षाचा अनुभव म्हणजे किमान 2,000 तास. हे तास एक वर्षापेक्षा कमी आणि तीन वर्षांपेक्षा जास्त काळात पसरलेले चालत नाहीत. काम सीपीए फर्ममधलं, कंपनीतलं, सरकारी किंवा शिक्षणक्षेत्रातलं, कोणतंही चालतं. त्यात अकाउंटिंग, ऑडिट, कर, वित्तीय सल्ला अशी कौशल्यं वापरलेली हवीत. हा झाला नमुना. प्रत्यक्षात प्रत्येक राज्य त्यात आपली भर घालतं.

टेक्सासमध्ये आकडा साधारण हाच, पण काम ठरावीक साच्यातलं नसावं, त्यात स्वतःचा निर्णय वापरलेला असावा आणि देखरेख सीपीएची असावी, यावर भर असतो. कॅलिफोर्निया महिन्यांत मोजते : पूर्णवेळ बारा महिने, अर्धवेळ असाल तर 170 तासांचा एक महिना. शिवाय ऑडिट अहवालावर सही करण्याचा अधिकार हवा असेल तर तिथे किमान 500 तास अटेस्ट कामाचे (ऑडिट, रिव्ह्यूसारख्या तपासणीचे) लागतात, आणि त्यांचा फॉर्म वेगळा. न्यूयॉर्कमध्ये सुपरवायझर फॉर्म 4बी भरतो. वॉशिंग्टन राज्यात सही करणारा तुमचा बॉसच हवा असं नाही, मात्र तो किमान पाच वर्षांचा लायसन्सधारक असावा लागतो. परदेशात राहून अर्ज करणाऱ्यांना ही एवढीशी सवलत फार मोठी वाटते, आणि ते बरोबरच आहे.

आणखी एक बदल लक्षात घ्या. आजवरचा रूढ मार्ग 150 क्रेडिट तास आणि एक वर्ष अनुभव असा. 2025 पासून अनेक राज्यांनी दुसरा मार्ग मंजूर केला : पदवी आणि दोन वर्षं अनुभव. ओहायोत तो 1 जानेवारी 2026 पासून लागू झाला. भारतातली तीन वर्षांची पदवी इथे अमेरिकन पदवीच्या तोडीची धरली जाईल का, हे पदवी-मूल्यमापनात आधी पाहून घ्या. नाहीतर हा मार्ग तुमच्यासाठी उघडतच नाही. आणि दोन वर्षांत बॉस बदलतोच. म्हणजे एकाऐवजी दोन किंवा तीन फॉर्म आणि तितक्याच सह्या, हे धरून चाला.

बोर्डाच्या संकेतस्थळावरून फॉर्म उतरवून घेताना त्याच्या तळाशी छापलेली आवृत्तीची तारीख पाहा. सहकाऱ्याने दोन वर्षांपूर्वी वापरलेला फॉर्म उसना घेऊ नका. जुन्या आवृत्तीवरची सही परत येते आणि सगळा फेरा पुन्हा सुरू होतो.

सही करणारा माणूस

नाव डोळ्यांसमोर आलं की सीपीए व्हेरिफाय या नॅस्बाच्या मोफत संकेतस्थळावर ते शोधा. तिथे नसेल तर संबंधित राज्य बोर्डाच्या यादीत. चार गोष्टी लिहून घ्या : राज्य, लायसन्स क्रमांक, पहिल्यांदा मिळाल्याची तारीख आणि आजची स्थिती.

‘स्थिती’ या शब्दात बरेच जण फसतात. लायसन्स आज चालू असणं पुरत नाही. ज्या काळात त्याने तुमच्यावर देखरेख केली त्या संपूर्ण काळात ते चालू असायला हवं. तुमच्या मॅनेजरला लायसन्स तुम्ही रुजू झाल्यानंतर सात महिन्यांनी मिळालं असेल, तर पहिले सात महिने त्याच्या सहीवर चालणार नाहीत. त्या काळासाठी त्याच्या वरच्या सीपीएला गाठा. उलट प्रकारही होतो. कंपनीत गेलेले कित्येक सीपीए लायसन्स ‘इनॅक्टिव्ह’ करून ठेवतात, कारण त्यांना रोजच्या कामाला ते लागत नाही. तेही नावापुढे सीपीए लावतात आणि सहीला आनंदाने तयार होतात. अर्ज अडकतो तो तिथे. बॉसला लायसन्सची स्थिती विचारणं अवघड वाटत असेल तर विचारू नका, संकेतस्थळावर बघा. त्यासाठीच ते आहे.

परीक्षा पास होऊन लायसन्स न घेतलेला माणूस सीपीए नसतो, हेही इथेच सांगून टाकू.

भारतात काम करणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न : माझे साहेब चार्टर्ड अकाउंटंट आहेत, त्यांची सही चालेल का? भारतीय सीए संस्था आणि अमेरिकन बोर्डांमध्ये परस्पर मान्यतेचा करार नाही, म्हणून सरसकट ‘हो’ नाही. पण सरसकट ‘नाही’सुद्धा नाही. काही बोर्डं फक्त अमेरिकन लायसन्स मानतात, तर कॅलिफोर्नियाच्या कायद्यात दुसऱ्या देशात तसाच अधिकार असलेल्या लायसन्सधारकाच्या देखरेखीलाही जागा आहे. बोर्डाला लेखी विचारा आणि उत्तराचा ईमेल सांभाळून ठेवा. प्रश्न मोघम नको. ‘भारतीय अनुभव चालतो का’ असं विचारलं तर उत्तरात नियमाची लिंक येते. ‘माझे सुपरवायझर भारतीय सीए आहेत, त्यांच्याकडे प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट आहे, मी अमुक प्रकारच्या कंपनीत अमुक तारखेपासून हे काम करतो, त्यांची सही तुमच्या फॉर्मवर ग्राह्य आहे का’ असं विचारलं तर हो किंवा नाही मिळतं.

अमेरिकन कंपनीच्या भारतातल्या केंद्रात काम करणाऱ्यांची अडचण वेगळी. रोजचं काम अमेरिकेतला सीपीए मॅनेजर तपासतो, पण पगारपत्रकावर नाव भारतीय कंपनीचं आणि हजेरीचा बॉस तिसराच. कायद्याने या दोन वेगळ्या कंपन्या. फॉर्मवर नियोक्ता म्हणून भारतीय कंपनीचं पूर्ण नोंदणीकृत नाव लिहा, आणि सुपरवायझरचं नातं वेगळ्या पत्रात स्पष्ट करा : तो कोणत्या कंपनीत आहे, दोन्ही कंपन्यांचा संबंध काय, काम तो कसं तपासत होता, किती वेळा, त्याच्याकडे फेरफार करायचा अधिकार होता का. ‘दर आठवड्याला कॉल व्हायचा’ हे कमकुवत. ‘माझे वर्किंग पेपर सिस्टिममध्ये त्याच्या मंजुरीशिवाय बंद होत नव्हते’ हे भक्कम.

आजूबाजूला कोणीच पात्र नसेल तर नॅस्बाची अनुभव-पडताळणी सेवा आहे. तिथले सीपीए तुमचा अनुभव तपासून प्रमाणित करतात. ती सगळ्या बोर्डांना मान्य नाही आणि तिचं शुल्क वेगळं. आधी बोर्डाची मान्यता पाहायची, मग पैसे भरायचे. हा क्रम उलटा करू नका.

पैसे घेऊन अनोळखी माणसाच्या फॉर्मवर सही करून देणारेही सापडतात. तिकडे फिरकू नका. अनेक फॉर्मवर खोट्या साक्षीच्या शिक्षेच्या अटीवर सही असते, आणि बोर्ड त्या सीपीएकडे पुरावा मागू शकतं. त्याचं लायसन्स गेलं तर तुमचंही उकरून काढलं जाणार.

तासांचा हिशेब

आठवड्याला 40 तास, 52 आठवडे, म्हणजे 2,080. कागदावर झालं. आता त्यातून 10 सुट्या आणि 18 रजा वजा करा : 28 दिवस गुणिले 8 म्हणजे 224 तास. उरले 1,856. प्रत्यक्ष कामाचे 2,000 तास मागणाऱ्या बोर्डाकडे तुम्ही बरोबर एका वर्षाने अर्ज केलात तर 144 तासांनी कमी पडता, म्हणजे साडेतीन आठवड्यांहून थोडं जास्त आणखी थांबायला हवं होतं. महिन्यांत मोजणाऱ्या बोर्डाला या रजांशी सहसा देणंघेणं नसतं, पण लांब बिनपगारी रजा किंवा प्रसूती रजा असेल तर तो काळ वेगळा दाखवा.

ऑडिट किंवा करांच्या सीझनमध्ये राबणाऱ्यांचं उलट. 16 आठवडे रोज उशिरापर्यंत बसून आठवड्याला 55 तास, म्हणजे 880. पुढचे 28 आठवडे 40 तासांनी 1,120. झाले 2,000, तेही 44 आठवड्यांत. पण किमान एक वर्षाची अट असलेल्या बोर्डाकडे दहा महिन्यांनी अर्ज पाठवून उपयोग नाही. तास पूर्ण आणि कॅलेंडरही पूर्ण, दोन्ही लागतं.

अर्धवेळ काम करणाऱ्यांनी तीन वर्षांच्या मर्यादेकडे लक्ष द्यावं. आठवड्याला 20 तास केले तर 100 आठवड्यांत होतं. 12 तास केले तर 167 आठवडे लागतात आणि तीन वर्षांचे आठवडे फक्त 156. जुने तास खिडकीतून बाहेर पडत जातात आणि बेरीज कधीच भरत नाही. सरासरी 13 तासांच्या खाली जाऊ देऊ नका.

नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. साधी स्प्रेडशीट पुरते : आठवडा, कामाचा प्रकार, तास, कोणी तपासलं. प्रकार फॉर्मवर असतात तेच ठेवा, म्हणजे ऑडिट, रिव्ह्यू (मर्यादित तपासणी), कम्पायलेशन (तपासणीविना विवरणं मांडणं), कर, सल्ला, इतर अकाउंटिंग. नंतर आठवून टक्केवारी लावायला बसलात तर ‘ऑडिट 50 टक्के, कर 50 टक्के’ असे गुळगुळीत आकडे येतात, आणि तपासणाऱ्याला ते लगेच दिसतात. क्लायंटची नावं लिहू नका, स्वतःपुरते क्रमांक द्या. कंपनीची टाइमशीट घरी पाठवणं बहुतेक ठिकाणी गोपनीयतेच्या नियमाविरुद्ध असतं.

दर तीन महिन्यांनी ही बेरीज सुपरवायझरला ईमेलने पाठवा आणि ‘बरोबर आहे’ एवढं उत्तर मिळवा. हे एक काम केलंत तर पुढच्या निम्म्या अडचणी येतच नाहीत, कारण वर्षभराने सही मागताना त्याला आठवायचं काही उरत नाही.

इंटर्नशिपचे तास काही बोर्डं धरतात. पण त्याच इंटर्नशिपचे कॉलेजकडून क्रेडिट घेतले असतील तर दोन्हीकडे मोजता येतील का, हे विचारूनच लिहा.

कामाचं वर्णन

‘असिस्टेड विथ मंथ एंड क्लोज’ हे वाक्य शेकडो फॉर्मवर असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. मदत म्हणजे काय, कागद आणून दिले की नोंदी ठरवल्या? बोर्डाला तुमचा निर्णय कुठे लागला हे बघायचं असतं. डेटा एंट्री, बिलं चढवणं, ठरलेल्या साच्यात पगार चालवणं हे कारकुनी काम. ते कितीही तास केलं तरी अनुभव म्हणून ठिसूळ. तेच काम नीट मांडलं तर चित्र बदलतं, अर्थात त्यात खरंच तसं काही असेल तर : बँक रीकन्सिलिएशनमधले फरक शोधून त्यांची कारणं लिहिली, तरतुदींचा अंदाज बांधला, समायोजनाच्या नोंदी सुचवल्या, महसूल कोणत्या महिन्यात धरायचा यावर यूएस गॅपनुसार (अमेरिकन लेखा-नियमांनुसार) टिपण तयार केलं, रोखप्रवाह विवरणाचा मसुदा केला.

कृती, कशावर, कोणत्या निकषाने, निष्पन्न काय : प्रत्येक वाक्यात या चारपैकी निदान तीन गोष्टी असाव्यात. पाच-सहा वाक्यं पुरे. नोकरीच्या जाहिरातीतलं वर्णन चिकटवू नका. एकाच टीममधल्या तिघांचे फॉर्म शब्दशः सारखे आले तर संशय येणारच.

कॅलिफोर्नियाच्या अटेस्ट फॉर्ममध्ये मोजमाप आणखी बारीक आहे. ऑडिटचं नियोजन आणि पद्धतींची निवड, वेगवेगळ्या तपासणी पद्धती लावणं, वर्किंग पेपर तयार करणं, त्यावर लेखी स्पष्टीकरणं देणं, आणि पूर्ण प्रकटनासह वित्तीय विवरणांची तयारी व त्यावरचा अहवाल, अशा सगळ्या अंगांचा अनुभव दिसावा लागतो. 500 तास नुसत्या कन्फर्मेशन (बाकी पडताळणारी पत्रं) पाठवण्यात आणि व्हाउचिंगमध्ये (नोंदी बिलांशी ताडण्यात) गेले असतील तर आकडा भरूनही अनुभव भरत नाही. नियोजनाच्या बैठकीत बसायची संधी मागून घ्या. नव्या माणसाला ती आपणहून कोणी देत नाही.

मसुदा तुम्ही करा, तपासून बदलायचं काम सुपरवायझरला द्या. पूर्ण कोरा फॉर्म पाठवला की तो इनबॉक्सच्या तळाशी जातो.

फॉर्म भरताना

तारखा अमेरिकन पद्धतीने : आधी महिना, मग दिवस. भारतातला सुपरवायझर 3 एप्रिलला सवयीने 03/04 लिहितो आणि बोर्ड ते 4 मार्च वाचतं. एचआरच्या पत्राशी तारीख जुळत नाही, खुलासा मागवला जातो. शक्य तिथे महिना अक्षरांत लिहा.

नाव परीक्षेच्या नोंदीतलं आणि पासपोर्टवरचं एकच असू द्या. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे कधी आहे, कधी नाही, ही आपल्याकडची नेहमीची भानगड. लग्नानंतर नाव बदललं असेल तर फॉर्मसोबत पुरावा जोडा.

‘पर्यंत’च्या रकान्यात ‘आजपर्यंत’ असं लिहू नका, सहीच्या दिवसाची तारीख घाला. सहीच्या तारखेच्या पुढचे तास कधीही धरले जात नाहीत. खाडाखोड झाली तर नवीन पान घ्या. पांढरी शाई लावलेला फॉर्म कोणालाच आवडत नाही. काही बोर्डं शाईची सही मागतात, काही इलेक्ट्रॉनिक मानतात, काहींना नोटरी लागते. नोटरी हवी असेल तर भारतातली चालते का हे आधी विचारा, आणि नोटरीसमोरच सही करायची हे सुपरवायझरला सांगा. आधी सही करून मग शिक्का आणायला गेलात तर तो फॉर्म वाया.

कॅलिफोर्नियात खासगी कंपनीतल्या अनुभवाच्या फॉर्मवर सुपरवायझर सीपीएसोबत कंपनीतल्या वरिष्ठाचीही सही लागते. ही दुसरी सही मिळवायलाच जास्त वेळ जातो, कारण त्या वरिष्ठाला हे प्रकरण काय आहे तेच ठाऊक नसतं. त्याच्यासाठी चार ओळींचं टिपण जोडा.

आणि फॉर्म कोण पाठवणार ते नीट वाचा. अनेक बोर्डं तो थेट सुपरवायझरकडूनच मागतात. तुमच्या हातून किंवा तुमच्या ईमेलवरून गेला की बाद. काही ठिकाणी बोर्ड सुपरवायझरला लिंक पाठवतं. ती कंपनीच्या स्पॅम फिल्टरमध्ये अडकते. त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि आठवड्याने विचारा. पाठवण्याआधी प्रत मागून ठेवा.

अडलं तर

सुपरवायझरने कंपनी सोडली असेल तरी त्याने देखरेख केलेल्या काळापुरती सही तो करू शकतो. कंपनीत असणं ही अट सहसा नसते. तुम्ही नोकरी सोडताना निरोपाच्या आठवड्यातच त्या दिवसापर्यंतचा फॉर्म भरून घ्या, लायसन्सला अजून वर्ष असलं तरी. संबंध चांगले असताना मिळते ती सही.

सुपरवायझर हयात नसेल किंवा फर्म बंद पडली असेल तर बोर्डाला लिहा आणि पर्यायी पुरावा काय चालेल ते विचारा. नियुक्तीपत्र, पगारपत्रकं, अमेरिकेत असाल तर डब्ल्यू-2 (पगाराचं वार्षिक विवरणपत्र), तिमाही ईमेल आणि तुमचं काम पाहिलेल्या दुसऱ्या सीपीएचं निवेदन, असा संच तयार ठेवा.

सही करायला नकार मिळाला तर कारण लेखी मागा. तासांवर वाद असेल तर त्याला मान्य असलेल्या तासांची सही घ्या आणि उरलेले दुसऱ्याकडून भरून काढा. कारणच न देता टाळाटाळ चालली असेल तर बोर्डाला कळवा. कॅलिफोर्नियात बोर्ड अशा सीपीएकडून नकाराचा खुलासा मागू शकतं.

स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांची पंचाईत खरी आहे. वर कोणी सीपीएच नाही, मग देखरेख कोणाची? अशांनी देखरेखीची सक्ती नसलेलं, फक्त पडताळणी मागणारं बोर्ड शोधावं, किंवा वर्षभर सीपीए फर्मसोबत ठरलेल्या तासांचं काम घ्यावं. क्लायंट सीपीए असेल तर तो आपोआप सुपरवायझर होत नाही.

त्रुटीपत्र आलं तर त्यात विचारलेलं तेवढंच, मुद्द्याला मुद्दा लावून पाठवा, आणि मुदत पाळा. मुदत उलटली तर बऱ्याच ठिकाणी अर्ज बंद होतो आणि शुल्क पुन्हा भरावं लागतं.

लायसन्स आल्यावर सगळी फाइल फेकून देऊ नका. पुढे दुसऱ्या राज्याचं लायसन्स घ्यायचं झालं, तर गेल्या 10 वर्षांत लायसन्स मिळाल्यानंतरचा 4 वर्षांचा अनुभव दाखवून ते मिळवायचा मार्ग अनेक बोर्डांत आहे. त्यासाठीही कोणाची तरी सही लागते, आणि तेव्हाही ही स्प्रेडशीटच उघडावी लागते.